बूटलोडर, गाय आणि रविवारचे पाहुणे

॥ श्री ॥
तिसगाव, ता. पाथर्डी
सोमवार, दुपार

ती. बन्सीभाऊ यांस, सोनई मुक्कामी,

तुमचा धाकटा साडू ज्ञानेश्वर याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आक्कांनाही सांगावा. इकडे आम्ही तिघंही वरून पाहणाऱ्याला ठीक दिसू असे आहोत. तुमचे उरलेसुरले दात काढून डॉक्टरांनी नवी कवळी बसवल्याचं आक्कांकडून तुमच्या मेहुणीला कळलं. नीट बसली का? टोचत असेल तर सोसत बसू नका, परत जाऊन घासून घ्या. आमच्या धंद्यातसुद्धा नवं बेअरिंग पहिले चार दिवस कुरकुरतंच, मग आपोआप बसतं. तोवर भाकरी दुधात कुस्करून खा. उसाला तोड आली का? आक्कांचा गुडघा काय म्हणतो?

आता, फोन असताना हा शहाणा पत्र का लिहितोय, असं तुमच्या मनात आलं असणार. भाऊ, फोनचंच तर सगळं सांगायचंय. मी अजून हबकलेलाच आहे, तेव्हा अक्षर इकडे-तिकडे गेलं तर समजून घ्या.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवणारा माणूस मी. वस्तू हातात आली की तिचे स्क्रू कुठं आहेत हे आधी बघतो. घरातला मिक्सर, रेडिओ, रतनची शिलाई मशीन, सगळं मी उघडलेलं आहे (बरंचसं परत बसलेलंही आहे). फक्त मोबाईलच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. पण त्या मोबाईलनं माझी अब्रू घेतली. शेजारच्या म्हातारबांच्या दहाव्याला आम्ही सगळे नदीवर बसलो होतो. कावळा शिवत नव्हता. मुलगा हात जोडून 'दादा, तुमची काय इच्छा राहिली असंल ती पुरी करतो' म्हणतोय. कावळा एकएक पाऊल पुढं येतोय. चोच खाली घालणार, तेवढ्यात माझ्या खिशातून एक बाई खच्चून ओरडली, 'खेळा आणि जिंका!' पत्त्यांच्या खेळाची जाहिरात हो, आपली आपण सुरू झालेली! कावळा जो उडाला तो थेट मिरीच्या दिशेला गेला. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. मुलगा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही.

घरी येऊन ती जाहिरातवाली बाई फोनमधून काढायला बसलो, तर फोन म्हणतो, काढता येणार नाही. का? तर ती कंपनीनं बसवलेली आहे. मामा, खोटं सांगत नाही, मी थिजलोच! (वर 'मामा' चुकून पडलं, तिथं भाऊ समजा. का पडलं ते शेवटी येईल.) फोन माझा, खिसा माझा, आणि आत कुणी राहायचं ते कंपनी ठरवणार? हे कुठलं राज्य?

मग मी व्हिडिओ बघायला लागलो. त्यात एक हिंदी बोलणारा बाबा फार पोटतिडकीनं सांगत होता की ह्या सगळ्याच्या मुळाशी बूटलोडर आहे. तुम्हाला समजेल असं सांगतो. बूटलोडर म्हणजे फोनचं स्टार्टर समजा. बटण दाबलं की फोन उठतो, पण उठून कुणाचं ऐकायचं हे बूटलोडर ठरवतो. आणि कंपनी त्याला फॅक्टरीतच कुलूप घालून पाठवते, म्हणजे तो कंपनीशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकतच नाही. हे कुलूप उघडलं की मग आपण मालक. जाहिराती काढा, नवी सिस्टीम टाका, काय वाटेल ते करा. मी त्या क्षणी ठरवलं, उघडायचं.

पण भाऊ, कुलूप उघडायला कंपनीकडे अर्ज करावा लागतो! मी अर्ज केला, तर उत्तर आलं की आठवडाभर थांबा आणि विचार करा. माझं लग्न ठरलं तेव्हासुद्धा मला इतका वेळ कुणी दिला नव्हता. मी थांबलो, विचार मात्र केला नाही. दिशानं केला. (दिशा आमची, तिला आता पाथर्डीत औषधाच्या दुकानात नोकरी आहे, रोज येऊन-जाऊन करते.) ती म्हणाली, 'बाबा, कुलूप उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. नंबर उतरवून घ्या.' मी हसलो. म्हटलं, पोरी, नंबर सिममध्ये असतात, एवढं तुझ्या बापाला कळतं. ती म्हणाली, ते जुन्या फोनमध्ये. मी म्हटलं, नंबर नंबरच असतो, जुना काय आणि नवा काय.

आठवडा सरल्यावर रविवारी जेवणं झाली आणि मी दिशाच्या लॅपटॉपला वायर जोडली. एक बटण दाबून धरलं, दुसरं दाबून धरलं, फोन काळा झाला, त्यावर इंग्रजीत एक लांबलचक मजकूर आला. त्याचा सूर साधारण 'पुढं जे होईल त्याला आम्ही जबाबदार नाही' असा होता. असा कागद मी स्वतः गिऱ्हाइकाला रोज तोंडी वाचून दाखवतो, त्यामुळं मी न वाचताच पुढं गेलो. लॅपटॉपवर रेघ सरकली. फोन थरथरला. वर एक उघडं कुलूप दिसलं. मी ओरडलो, 'रतन, उघडलं!' ती पदराला हात पुसत आली. आणि फोननं आम्हाला काय विचारावं? तुमची भाषा कोणती!

पाच वर्षं माझ्या उशाशी झोपलेला फोन, भाऊ, आणि मला भाषा विचारतो! आत बघितलं तर एक नाव नाही, एक नंबर नाही. दिशाच्या बारशाचे फोटो कुणीतरी मोठ्या हौसेनं पाठवले होते ते नाहीत. सिममध्ये बघितलं तर तिथं फक्त कंपनीच्या तक्रार विभागाचा नंबर. दिशा म्हणाली, गूगलच्या खात्यात असतील. ते खातं फोन विकणाऱ्यानं दुकानातच उघडून दिलं होतं, त्याचा पासवर्ड त्यालाच ठाऊक, आणि त्यानं दुकान बंद करून कुठंशी रसवंती टाकलीय. रतन मटकन खाली बसली. आणि त्या सामसूम खोलीत फोन आपण होऊन बोलला, 'खेळा आणि जिंका!' सोयरेधायरे सगळे गेले, ती बाई तेवढी राहिली.

नवी सिस्टीम टाकायची माझ्यात ताकदच उरली नाही. आता फोन सुरू केला की दर वेळी आधी लिहून येतं की हा फोन भरवशाचा राहिलेला नाही. पहिल्यांदा वाटलं, हे मलाच उद्देशून आहे.

पण खरा घोळ पुढं आहे. फोन यायला लागले. नाव नाही, नुसते आकडे. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं सोयऱ्याला 'कोण बोलतंय?' असं विचारायची सोय आहे का? माझ्या चुलत्यानं एकदा सख्ख्या बहिणीला फोनवर 'कोण?' म्हटलं, तर आत्या 'आता मी कोण झाले व्हय?' म्हणून जी रुसली ती त्याच्या नातवाच्या जावळालासुद्धा आली नाही. त्यात माझी ख्याती अशी की ज्ञानेश्वर नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखतो. ही ख्याती फोनमध्ये साठवलेल्या नावांमुळं होती हे आता कळतंय. म्हणून मी ठरवलं, फोन आला की 'बोला की!' म्हणायचं आणि बोलता बोलता अंदाज घ्यायचा.

अंदाज कसे लागले ते सांगतो. एकजण म्हणाला, 'झालं का आमचं?' मी म्हटलं, कधीच झालंय, घेऊन जा. तो ट्रॅक्टर घेऊन हजर, आणि त्याची मोटार माझ्या टेबलावर सुटी पडलेली. एक बाई म्हणाली, 'दादा, मग येऊ ना उद्या?' मी म्हटलं, ये की बाई, हे काय विचारणं झालं! मला वाटलं राशीनची चुलत बहीण. दुसऱ्या दिवशी बाई आली, चेहरा ओळखीचा वाटेना, पण माणूस बदलतं. रतननं पुरणपोळी केली. दोघींचं छान जमलं. जेवण झाल्यावर बाईनं पिशवीतून पाणी शुद्ध करायचं यंत्र काढलं आणि त्याचे फायदे सांगायला लागली. तोवर रतननं तिची ओटीसुद्धा भरली होती. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, इतक्या गावांत फिरते, असं कुठं झालं नाही.

इथवर चाललं असतं. पण शुक्रवारी जे झालं त्यानं माझ्या तोंडचं पाणी पळालंय.

तुम्हाला आठवत असेल, आपल्या दावणीला एक गरीब, दुसऱ्या वेताची गाय हवी म्हणून मी चार सोयऱ्यांना सांगून ठेवलं होतं. तुम्हालाही बोललो होतो. त्याच बोलण्यात, आता दिशाचंही बघायला हवं, असं त्याच लोकांच्या कानावर घातलं होतं. (दोन्ही गोष्टी एका दमात बोलू नकोस, असं रतन तेव्हाच म्हणाली होती.) शुक्रवारी दुकानात बसलो होतो, तर फोन. मागं एसट्यांचा गोंगाट, आणि आवाज असा पोकळ, शब्दाशब्दाला शिट्टी वाजावी तसा. म्हणाला, 'काय पाव्हणं, वळखलं का?' मी म्हटलं, 'आवं, न वळखायला काय झालं!' म्हणाला, 'घोडेगावातनं बोलतोय. तुमचं काम झालं बघा.'

आता घोडेगाव म्हटलं की आपल्या माणसाच्या डोळ्यापुढं काय येतं? जनावरांचा बाजार! मी खूश. आधी विचारलं, घर कसं आहे? कारण जनावर कुठल्या घरातलं हे मी पहिलं बघतो. म्हणाला, लई चांगलं घर, माळकरी माणसं, बागायत हाय, पाण्याला तोटा न्हाई. म्हटलं, स्वभाव? तर म्हणाला, एकदम गरीब, कुणाच्या अध्यात न्हाई न मध्यात. म्हटलं, लाथ मारायची सवय? तर तिकडं हसूच आवरेना. 'पाव्हणं, तुमची चेष्टा काय जायची न्हाई!' मी म्हटलं, चेष्टा नाही हो, दातांचं काय? तर म्हणाला, 'दात ना? सगळं नवं हायेत. अजून सवय न्हाई, पर बसत्याल.' मी मनात म्हटलं, वा, अगदी कोवळं जनावर मिळालं. त्यानं विचारलं, मग पसंत सांगू का, का तुम्ही एकदा येऊन बघताय? मी म्हटलं, मी काय बघायचं? तुम्ही बघितलं म्हणजे मी बघितलं. पसंत! पुढच्या रविवारी टेम्पो करून घेऊनच या!

म्हणाला, 'टेम्पो कशाला, चांगल्या दोन जीपा करतो की.'

दोन जीपमध्ये गाय कशी आणणार, याचा मी विचार करतोय, तोवर तो पुढं बोलला, 'पंधराएक मानसं येत्याल, सैपाकाचं सांगून ठेवा, सुपारीच फोडून टाकू. आन् दिशाला म्हनावं, पोरगा नोकरी सोडायला लावनार न्हाई.' आणि फोन बंद.

भाऊ, माझ्या हातातला पाना खाली पडला तो पायावर पडला, पण मला दुखलंसुद्धा नाही. मी लगेच त्या नंबरवर उलटा फोन लावला. कुणी भलताच माणूस म्हणाला, 'ते बाबा गेले की. ष्टँडवर भेटले, त्यांच्या मोबाईलची चार्जिंग संपली म्हनून माझ्यावरनं बोलले.' म्हणजे मी माझ्या एकुलत्या एका पोरीचं लग्न ठरवलं, कुणाशी ते मला माहीत नाही, आणि ज्याच्यापाशी शब्द दिला तो कोण हेही माहीत नाही!

घरी सांगितलं. रतन आधी रडली, मग म्हणाली, माळकरी आहेत म्हणाले ना, पाणी आहे म्हणाले ना, मग येऊ द्या, आणि जाळी-जळमटं काढायला लागली. दिशा रडली नाही. तिनं शांतपणे डबा धुतला आणि म्हणाली, 'बाबा, तुम्ही त्याचे दात विचारलेत, नाव विचारलं नाहीत. ज्याचं नाव माझ्या बापाला ठाऊक नाही त्याच्यापुढं मी पोह्यांची ताटली घेऊन जाणार नाही.' मी म्हटलं, अगं, शब्द गेलाय. ती म्हणाली, 'तुमचा गेलाय.' तेव्हापासून घरात दोघी एकमेकींशी बोलत नाहीत आणि माझ्याशी दोघीही नाहीत. खरं सांगू? पोरीचं चुकलं असं मला एकदाही वाटलं नाही. गाय बघावी तसं मी तिचं स्थळ बघितलं, तेही फोनवर.

तुम्ही म्हणाल, दिशाच्या फोनमध्ये सोयऱ्यांचे नंबर आहेत, ते घेऊन विचार. नंबर आहेत हो. पण फोन करून विचारू काय? 'परवा माझ्याशी बोललात ते तुम्हीच का?' मग तो सोयरा म्हणणार, म्हणजे तू मला ओळखलंच नव्हतंस! त्यापेक्षा पत्र बरं, वाचणाऱ्याचं तोंड दिसत नाही. दुधाचा टेम्पो आज तुमच्या बाजूला निघतोय, त्याच्यापाशी देतो. उत्तर त्याच्याचबरोबर यावं. थोरांना नमस्कार, लहानांना गोड पापा, कवळीला जपा.

तुमचा,
ज्ञानेश्वर

ता. क. रविवारी तुमचा कुठं बाहेर जायचा बेत आहे का? सहज विचारतोय.

ता. क. दुसरा. लपवून काय करू? हे पत्र मी चार सोयऱ्यांना एकसारखं लिहिलंय, पहिलं रामहरीमामांना शेवगावला गेलं, त्यावरूनच उतरवताना मघाशी 'मामा' राहिलं. मामांच्या पत्रात 'तुमची मेहुणी' पडलं असेल तर तिथं काय समजायचं ते समजोत. शुक्रवारचा फोन तुमचा असेल तर कळवा, म्हणजे मोकळेपणानं माफी मागून रविवार रद्द करता येईल. खरं म्हणजे तुमचा नसणारच. तुमचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन.

ता. क. तिसरा. पत्र घडी घालायच्या आत हे वाढवतोय. काल टेम्पोवाल्याचं टायर बसल्यानं त्यानं आजवर ढकललं, म्हणून पत्र इथंच राहिलं. आज सकाळी दिशानं मला देवापुढं उभं करून शपथ घातली, की येणाऱ्या प्रत्येक फोनला आधी 'कोण बोलतंय' विचारायचं, नाहीतर रविवारी ती घरीच थांबणार नाही. आणि आत्ता फोन वाजला. नुसते आकडे. मी डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, 'कोण बोलतंय?' तिकडं शिट्टी वाजली. पुढं तुम्ही जे बोललात ते तुम्हाला पाठ असेल, मलाही झालंय. 'कोन बोलतंय? ज्याला शुक्रवारी पोरीचं पसंत म्हनालास त्यो बोलतोय! कवळी काय बसवली, साडू वळखू येईना व्हय? ऱ्हाऊ दे तुझा रविवार!' भाऊ, मी कान धरतो. दातांचं मी गायीचं विचारत होतो. तुमचा राग रास्त आहे. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून वरचं सगळं आहे तसंच पाठवतोय, त्यात माझी बाजू आलेली आहे. रविवार रद्द झाल्याचं ऐकून रतननं केरसुणी आपटली. दिशानं मात्र आपल्या हातानं चहा करून दिला, आणि म्हणाली, काकांचा राग घालवायला मी स्वतः सोनईला जाते, पोरगाही तिथंच बघते, तेही मला वाटलं तर.

ता. क. शेवटचा, आणि पत्र पाठवायचं खरं कारण आता हेच. शेवगावकडचा टेम्पोवाला आत्ता मामांचं उत्तर देऊन गेला. दोनच ओळी आहेत. 'व्हय, शुक्रवारी फोन मीच केल्ता. तू वळखलंस, लई बरं वाटलं. रविवारी घेऊन निघतो.' भाऊ, मामांनी फोन केलेला नाही, हे आता तुम्हाला आणि मला दोघांनाच ठाऊक. पण 'तो मी नव्हे' असं आपल्यात कुणी म्हणतं का? आता मामा रविवारी गाय घेऊन येतायत का नवरदेव, हे मला कळायला मार्ग नाही, आणि उरलेल्या दोघांची उत्तरं अजून यायचीच आहेत. तेव्हा राग गिळा आणि शनिवारीच या. शेवगावच्या फाट्यावर उभे राहा आणि मामांना विचारा, काय घेऊन आलात म्हणून. मला विचारता येणार नाही. तेवढी हिंमत माझ्यात एकदाच होती, ती तुमच्यावर खर्च झाली.